‘डायोमीडिया एक्झ्युलान्स’ : एका सागरी पक्ष्याच्या शास्त्रीय नावाचा इतिहास

प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे लॅटिन वळणाचे जे दोन शब्द छापलेले असतात, त्यांच्याकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा वळून पाहत नाही. ते शास्त्रज्ञांच्या सोयीसाठी योजलेले संकेत आहेत, त्यांत आपल्या कामाचे काही नाही, असा एक समज रूढ आहे. वास्तविक ही नावे म्हणजे ज्यांचा कर्ता ठाऊक आहे, वर्ष ठाऊक आहे आणि मूळ संहिता छापील स्वरूपात उपलब्ध आहे असे लहान लहान दस्तऐवजच होत. ताम्रपटास आपण जे प्रश्न विचारतो तेच यांनाही विचारता येतात. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, लिहिणाऱ्याच्या पुढ्यात कोणती साधने होती, आणि जे लिहिले त्यापैकी त्याने स्वतः पाहिलेले किती व वाचलेले किती, हे ते प्रश्न. अशाच एका नावाची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. ती करण्यात आणखीही एक हेतू आहे. नामाच्या व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध करण्याची प्रवृत्ती आपल्या संशोधनात, विशेषतः ग्रामनामांच्या विवेचनात, बरीच बळावलेली आहे. ज्या नावाचा सर्व प्रवास कागदोपत्री तपासता येतो असे एखादे उदाहरण समोर ठेविले, तर त्या पद्धतीची मर्यादा अधिक स्पष्टपणे ध्यानी येईल.

अल्बट्रॉस हा पक्षी दक्षिण गोलार्धातील विस्तीर्ण महासागरांत वावरतो. त्याच्या सर्वांत मोठ्या जातीचे पंख पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर ३ मीटरांहून अधिक, क्वचित ३.५ मीटर भरते. हयात असलेल्या कोणत्याही पक्ष्याचा पंखविस्तार एवढा नाही. दक्षिण जॉर्जिया, क्रोझे, कर्गेलेन यांसारख्या दक्षिणेकडील निर्जन बेटांवर तो घरटे करतो आणि एरवी महिनोन्‌महिने समुद्रावर असतो. आपल्या किनाऱ्याकडे तो फिरकत नसल्यामुळे मराठीत त्याला स्वतंत्र नाव नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने ‘सिस्टेमा नॅचुरी’ या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, इ. स. १७५८ मध्ये, त्याचे ‘डायोमीडिया एक्झ्युलान्स’ असे नामकरण केले. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा.

दुसऱ्या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. ‘एक्झ्युल’ म्हणजे स्वदेशाबाहेर काढलेला किंवा स्वदेश सोडून राहणारा मनुष्य; त्यावरून झालेल्या क्रियापदाचे हे वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. इंग्रजीत या पक्ष्याला जे रूढ नाव आहे त्याचा अर्थ ‘भटका अल्बट्रॉस’ असा होतो, आणि बहुतेक पुस्तकांतून ‘एक्झ्युलान्स’चा अर्थही ‘भटकणारा’ असाच दिलेला आढळतो. हा अर्थ उणा आहे. भटक्याला घर नसेल किंवा असूनही तो त्याची पर्वा करीत नसेल. ‘एक्झ्युल’ला घर असते आणि ते त्याला अंतरलेले असते. मराठीत या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा शब्द ‘परागंदा’ हा होय. आपल्या जुन्या दफ्तरांतून ‘रयत परागंदा झाली’ हा प्रयोग पदोपदी भेटतो, आणि तो वाचताना रयत फिरावयास निघाली असे कोणी समजत नाही. फारसीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’ एवढाच असला, तरी मराठीने त्यात घर सुटल्याची वेदना भरली. रोमन कायद्यातील हद्दपारीची छटा ‘परागंदा’ या शब्दात तितकीशी नाही हे खरे. तथापि ‘भटका’ आणि ‘परागंदा’ यांत निवड करावयाची झाल्यास दुसराच घेतला पाहिजे.

हा भेद महत्त्वाचा अशासाठी की, ‘परागंदा’ असा अर्थ घेतला म्हणजे नावाचे दोन्ही शब्द एकमेकांशी बोलू लागतात. लिनीअसने हे नाव का निवडले याचे स्पष्टीकरण ग्रंथात दिलेले नाही. ते देण्याची त्याची पद्धतही नव्हती. परंतु पहिल्या शब्दातील कथा ही परागंदा झालेल्यांचीच कथा आहे, आणि लॅटिन कवींच्या वाचनावर वाढलेल्या मनुष्याने हे दोन शब्द नकळत शेजारी ठेविले असतील असे मानणे मला कठीण वाटते.

डायोमीडीज हा आर्गॉसचा राजा, ट्रॉयच्या युद्धातील ग्रीकांच्या अग्रगण्य वीरांपैकी एक. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात त्याने ॲफ्रोडायटी या देवतेच्या हातास जखम केली आणि पाठोपाठ युद्धदेव एरीझ यालाही घायाळ केले. मर्त्य मानवाने एकाच दिवशी दोन देवांचे रक्त काढावे ही गोष्ट ग्रीक मनाला विसरता येणारी नव्हती. त्याचा सूड म्हणून ॲफ्रोडायटीने, रोमन कवींच्या भाषेत व्हीनसने, त्याची पत्नी इजायलीआ हिला व्यभिचारास प्रवृत्त केले. घरी परतलेल्या डायोमीडीजला स्वतःच्या राज्यात थारा उरला नाही. तो इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील अपूलिया प्रांतात गेला, तेथील डॉनस राजाच्या आश्रयास राहिला, त्याने नगरे वसविली, आणि त्याच्या सोबत्यांचे पक्ष्यांत रूपांतर झाले. व्हर्जिलच्या ‘ईनिड’मधील अकराव्या सर्गात वृद्ध डायोमीडीज स्वतःच हे दुःख सांगतो. ओव्हिडने ‘मेटामॉर्फसिस’च्या चौदाव्या भागात रूपांतराचा प्रसंग सविस्तर रंगविला आहे, तेथे हे पक्षी हंस नव्हेत पण शुभ्र हंसांसारखे आहेत असे वर्णन येते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. होमरला ही परागंदा होण्याची कथा ठाऊक नाही, किंवा निदान त्याने ती सांगितलेली नाही. ‘ओडिसी’च्या तिसऱ्या सर्गात नेस्टर स्पष्ट सांगतो की, ट्रॉयहून निघाल्यावर चौथ्या दिवशी डायोमीडीजच्या सोबत्यांनी आपली जहाजे आर्गॉसच्या किनाऱ्याला लावली. म्हणजे ज्या वीरांना घरी पोचण्यास सर्वांत कमी कष्ट पडले त्यांत तो होता. पुढील शतकांत ग्रीक व्यापारी व वसाहतकार एड्रियाटिक समुद्रात आणि इटलीच्या किनाऱ्यावर वावरू लागले, तेव्हा तेथील भूमीवर आपल्या पूर्वजांची पावले उमटलेली असणे त्यांना सोयीचे झाले, आणि घरी सुखरूप पोचलेल्या वीराला पुन्हा घराबाहेर काढण्यात आले. कथेतील हद्दपारी ही अशा रीतीने वसाहतीच्या गरजेतून जन्मली, असे म्हणावयास हरकत नाही.

पक्ष्यांविषयीचे उल्लेख या दृष्टीने वाचले म्हणजे ते केवळ अद्‌भुत राहत नाहीत. ॲरिस्टॉटलच्या नावावर मोडणाऱ्या, परंतु त्याचा नसलेल्या, आश्चर्यकथांच्या एका ग्रीक संग्रहात एड्रियाटिकमधील डायोमीडीजच्या बेटाचे व तेथील देवस्थानाचे वर्णन आहे. देवळाभोवती मोठ्या चोचीचे पक्षी बसलेले असतात. ग्रीक माणूस आला तर ते शांत राहतात, परकी आला तर झडप घालतात. थोरला प्लिनी आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या दहाव्या खंडात याहून अधिक तपशील देतो आणि त्यासाठी मॉरिटेनियाचा विद्वान राजा जुबा याचा आधार सांगतो. या पक्ष्यांना दात असतात, डोळे अग्निवर्णी असतात, बाकी अंग पांढरे असते. ते चोचीने जमिनीत बिळे खणतात, त्यांवर कुडासारखी जाळी घालून माती लोटतात. बिळाला दोन दारे असतात, पूर्वेकडील दाराने बाहेर पडावयाचे आणि पश्चिमेकडील दाराने परतावयाचे. ते रोज चोची व पंख पाण्याने भरून आणून डायोमीडीजचे देऊळ धुतात. परक्यांवर कलकलाट करून तुटून पडतात आणि ग्रीकांशी मात्र लाडीगोडी करतात.

यातील कोणता अंश निरीक्षणाचा आणि कोणता कल्पनेचा? इटलीच्या गार्गानो भूशिराच्या उत्तरेस ट्रेमिती नावाचा द्वीपसमूह आहे. प्राचीन लेखकांची डायोमीडीजची बेटे ती हीच, असे परंपरेने मानले जाते. तेथे आजही शीअरवॉटर कुळातील एक मोठा पक्षी प्रजननासाठी येतो. तो खडकांच्या कपारीत व बिळांत अंडे घालतो, दिवसा समुद्रावर असतो आणि रात्री अंधार पडल्यावर किनाऱ्याला येऊन तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा आवाज काढतो. बिळात राहणारा पांढुरका समुद्रपक्षी म्हटले की बगळा, हंस, कुरव हे सर्व बाद होतात. चोचीचे टोक आकडीसारखे व धारदार असते, त्यावरून दातांची कथा निघाली असावी. व्हर्जिलच्या डायोमीडीजने वर्णिलेला, कड्यांवर भरून राहणारा आक्रोशही या पक्ष्याला शोभतो. तथापि सर्वच वर्णन जुळत नाही. त्याची पाठ पिंगट असते, पोट तेवढे पांढरे. डोळे काळसर असतात. आणि दोन दारांचे बीळ हे तर सरळसरळ स्थापत्यशास्त्रातून आलेले आहे. देऊळ धुण्याची गोष्ट ओल्या पंखांनी पहाटे उडणाऱ्या पक्ष्यांवरून सुचली असेल. परंतु ग्रीक आणि परका यांतील विवेक पक्ष्याच्या अंगी असणे शक्य नाही. तो विवेक सांगणाऱ्याचा आहे. बेट कोणाचे, हा प्रश्न जेथे वादाचा होता तेथे पक्ष्यांना साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे वाद मिटला आणि साक्ष मात्र राहिली. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने ‘ईश्वरनगरी’च्या अठराव्या खंडात या पक्ष्यांचा विचार केला तो दैत्यांच्या मायेचे उदाहरण म्हणून, सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलच्या इसिडोरने ते आपल्या व्युत्पत्तिकोशात घेतले. ग्रीकांविषयीची त्यांची आवड दोघांनीही नोंदविली आहे. ऑगस्टीन व इसिडोर यांच्यापैकी कोणी ते बेट पाहिले होते असे मानण्यास आधार नाही. ग्रंथावरून ग्रंथ होत गेला.

बेटांच्या निश्चितीविषयीही आता पूर्वीइतकी खात्री बाळगता येत नाही. एड्रियाटिकच्या मध्यभागी क्रोएशियाच्या हद्दीत पालाग्रुझा नावाचे लहानसे बेट आहे. तेथे इ. स. १९९० नंतर झालेल्या उत्खननांत ग्रीक मृत्पात्रांचे तुकडे मिळाले आणि त्यांपैकी काहींवर डायोमीडीजचे नाव कोरलेले आढळले. समुद्र ओलांडणाऱ्या नाविकांनी वाटेत वाहिलेली ती भांडी असावीत. त्यामुळे डायोमीडीजचे मूळ बेट ट्रेमिती की पालाग्रुझा, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला आहे. शीअरवॉटरचा वावर दोन्हीकडे असल्यामुळे पक्ष्यांच्या साक्षीने या वादाचा निर्णय लागण्यासारखा नाही. एका देवतेची स्थाने अनेक असण्यात आपल्याला तरी आश्चर्य वाटू नये.

ट्रेमितीच्या बाबतीत एक विलक्षण योगायोग सांगण्यासारखा आहे. सम्राट ऑगस्टसची नात ज्यूलिया हिला व्यभिचाराच्या आरोपावरून ज्या बेटावर ठेवण्यात आले ते ट्रिमेरस हे याच समूहातील होय. वीस वर्षे तेथे काढून इ. स. २८ मध्ये ती मरण पावली, असे टॅसिटस नमूद करतो. पुढे इ. स. १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली तेव्हा तेथील शेकडो लोकांना पकडून याच बेटांवर आणले, आणि त्यांतील पुष्कळांचा तेथेच अंत झाला. बेट हद्दपारांचे, पक्ष्यांची कथा हद्दपारांची, आणि लिनीअसने दिलेले विशेषणही हद्दपारांचे! येथे थांबून कोणी लिनीअसच्या मनात ज्यूलियाची कथा होती असे प्रतिपादन केले, तर ते वाचावयास फार आकर्षक होईल. परंतु त्यास पुराव्याचा लवलेश नाही. व्युत्पत्तीच्या क्षेत्रातील बहुतेक अपघात याच वळणावर होतात. दोन गोष्टी जुळतात म्हणून त्या एकमेकींपासून निघाल्या असे ठरविण्याचा मोह आवरत नाही. गावाच्या नावातील एका अक्षरावरून राजवंशाचे मूळस्थान ठरविणाऱ्या लेखकांनी ज्यूलियाचा हा योगायोग ध्यानात ठेवावा.

आता लिनीअसकडे वळू. त्याच्यापुढे काय होते? भूमध्य समुद्रातील डायोमीडीजच्या पक्ष्याची चर्चा युरोपातील विद्वानांत चालूच होती. बोलोन्याच्या अल्ड्रोवांदीने आपल्या पक्षिविषयक ग्रंथाच्या १६०३ मधील तिसऱ्या खंडात या पक्ष्याचा परामर्श घेतला होता. अल्बट्रॉसविषयीची माहिती मात्र निराळ्या वाटेने आली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांनी ती आणली. इंग्रज चित्रकार व पक्षितज्ज्ञ जॉर्ज एडवर्ड्‌स याने १७४७ मध्ये या पक्ष्याचे रंगीत चित्र व वर्णन प्रसिद्ध केले, आणि लिनीअसने त्याचा आधार घेतला. उप्साला येथील अभ्यासिकेत बसून या महाकाय दक्षिणी पक्ष्याला नाव देताना त्याने ते ग्रीक कथेतून उचलले. एड्रियाटिकमधील पक्षी आणि हा पक्षी एकच, असा त्याचा समज होता असे मला वाटत नाही. प्राचीन ग्रंथांतील जी नावे मोकळी पडली आहेत ती नव्या वंशांसाठी वापरावी, हा त्याचा परिपाठच होता. वनस्पतींच्या नामकरणाचे नियम सांगताना ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या १७५१ च्या ग्रंथात कवींनी दिलेली, देवतांची व राजांची नावे आपण कायम ठेवतो असे तो म्हणतो. लांब शेपटीच्या उष्णकटिबंधीय समुद्रपक्ष्यांना त्याने सूर्यपुत्र फेइथॉनचे नाव दिले, तेही याच परिपाठास धरून.

ट्रॉयचे युद्ध तर त्या आवृत्तीत जागोजाग आढळते. मोठ्या फुलपाखरांची त्याने दोन सैन्येच उभी केली आहेत. छातीवर रक्तवर्णी ठिपके असणारी ती ट्रॉयची, नसणारी ती ग्रीकांची. आपल्याकडे सह्याद्रीत व कोकणात दिसणाऱ्या एका काळ्या-तांबड्या फुलपाखराच्या शास्त्रीय नावात ‘हेक्टर’ आहे तो या सैन्यरचनेतूनच आलेला. हा पायंडा पुढे इतरांनीही चालविला. इ. स. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून ज्याची निवड झाली, त्या निळ्या-काळ्या फुलपाखराला क्रामेर या डच लेखकाने १७७५ मध्ये ‘पॉलिम्नेस्टॉर’ हे नाव दिले होते. प्रायमच्या मुलाला आश्रय देऊन त्याचाच घात करणारा हा थ्रेसचा राजा. त्यावरून आपल्या फुलपाखराच्या स्वभावाविषयी कोणी काही अनुमान काढणार नाही, हे उघड आहे. मग ‘डायोमीडिया’वरून अल्बट्रॉसविषयी तरी का काढावे?

लिनीअसच्या ‘डायोमीडिया’ वंशात प्रारंभी दोन जाती होत्या. एक ‘एक्झ्युलान्स’, दुसरी ‘डिमर्सा’, म्हणजे ‘बुडालेली’. ही दुसरी जाती म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ राहणारा पेंग्विन! जगातील सर्वांत लांब पंखांचा पक्षी आणि मुळीच न उडणारा पक्षी असे दोघे एका घरात नांदावेत, हे वाचून हसू येते. परंतु लिनीअसचे पक्षिवर्गीकरण मुख्यतः चोचीवर आधारलेले होते, आणि दोहोंची चोच टोकाशी आकडीसारखी वळलेली आहे. या पेंग्विनशी युरोपीय लोकांची गाठ त्यापूर्वी अडीचशे वर्षे पडलेली होती, आणि ती हिंदुस्थानच्या वाटेवर. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची जी दैनंदिनी उपलब्ध आहे तीत, १४९७ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या साँव ब्राझ उपसागरातील एका बेटावर बदकाएवढे, उडता न येणारे आणि गाढवासारखे ओरडणारे पक्षी खलाशांनी मन मानेल तितके मारल्याची नोंद आहे. पुढे काही महिन्यांनी तीच जहाजे कालिकतला लागली.

‘अल्बट्रॉस’ हा शब्दही याच पोर्तुगीज दर्यावर्दीपणाचा ठेवा आहे. पोर्तुगीजांत व स्पॅनिशमध्ये ‘आल्काट्राझ’ हा शब्द पाणकोळी व तत्सम मोठ्या समुद्रपक्ष्यांना लावीत. त्याच्या आरंभीचे ‘अल्‌’ हे अरबी उपपद होय. त्यापुढील भाग रहाटगाडग्याच्या पोहऱ्याला असलेल्या ‘कादूस’ या अरबी शब्दापासून आला, असे एक मत आहे, व पाण्यात बुडी मारणारा या अर्थाच्या ‘गत्तास’ शब्दापासून आला, असे दुसरे. पाणकोळ्याची चोचीखालची पिशवी पाहिली असता पोहऱ्याची कल्पना असंभवनीय वाटत नाही. अरबी उपपद पोटात घेऊन पोर्तुगीजांमार्फत फिरणारा हा एकच शब्द नव्हे. मराठीतील ‘आलपीन’ पोर्तुगीज ‘आल्फिनेत’वरून आला, आणि त्याच्या मुळाशीही ‘अल्‌’ हे उपपद असलेला अरबी शब्द आहे. इंग्रजांच्या तोंडी ‘आल्काट्राझ’चा ‘अल्बट्रॉस’ झाला तो बहुधा ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा या लॅटिन शब्दाच्या ओढीने. म्हणजे पाणकोळ्याचे नाव एका निराळ्याच पक्ष्याला मिळाले, आणि मिळाल्यावर जणू त्याच्याचसाठी घडविले असावे असे ते दिसू लागले.

या लोकनामाला शास्त्रीय नाव होण्याची संधी एकदा आली होती. फ्रेंच पक्षितज्ज्ञ ब्रिसाँ याने १७६० मध्ये या पक्ष्यासाठी ‘आल्बाट्रुस’ असा वंश कल्पिला, आणि पेंग्विनला त्यातून वेगळे काढून पाचरीसारख्या पंखांवरून ‘स्फेनिस्कस’ हे नाव दिले. दुसरे टिकले, पहिले नाही; कारण अल्बट्रॉसला नाव मिळून दोन वर्षे होऊन गेली होती. प्राणिशास्त्रीय नामकरणात अग्रक्रमाचा नियम आहे: १७५८ ही आरंभरेषा, आणि तिच्यानंतर जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते खरे. नाव अन्वर्थक आहे की नाही, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो.

हा नियम प्रथमपासून इतका निष्ठुर नव्हता. ह्यू स्ट्रिकलंड याच्या पुढाकाराने १८४२ मध्ये इंग्लंडात नामकरणाची जी पहिली संहिता तयार झाली, आणि जिच्या समितीत चार्ल्स डार्विन हाही होता, तिच्यात एक अपवाद ठेविलेला होता. एखादे नाव असत्य विधान सुचवीत असेल आणि त्यामुळे महत्त्वाचे गैरसमज पसरण्याचा संभव असेल, तर ते बदलता यावे. ही सवलत पुढे गेली. आजची आंतरराष्ट्रीय संहिता अनुचित अर्थाच्या कारणावरून नाव रद्द करू देत नाही. म्हणूनच स्वर्गपक्ष्याच्या एका जातीचे ‘पाय नसलेला’ हे लिनीअसने दिलेले नाव, त्या पक्ष्याला चांगले दोन पाय असूनही, कायम आहे. व्यापारी त्याची कातडी पाय कापून आणीत, एवढाच त्या नावाचा इतिहास. इतिहासाच्या अभ्यासकाने हा नियम बदलला याबद्दल समाधानच मानले पाहिजे. नावे सत्यास धरून सुधारीत गेले असते, तर प्रत्येक पिढीने मागील पिढीचा पुरावा पुसून टाकला असता. चुकीचे नाव तसेच ठेवण्याच्या हट्टामुळे आपल्याला त्या चुकीची तारीख सांगता येते.

अल्बट्रॉसच्या बाबतीत तर ‘एक्झ्युलान्स’ हे नाव सुधारण्याची मागणी सहज करता आली असती. हा पक्षी परागंदा मुळीच नाही. फ्रेंच संशोधकांनी क्रोझे बेटावरील पक्ष्यांच्या पाठीवर लहान प्रक्षेपक बांधून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग काढला व १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंडे उबविण्याच्या काळात जोडीदाराला घरट्यावर बसवून अन्नाच्या शोधार्थ निघालेल्या पक्ष्याने एका खेपेत ३,६०० पासून १५,००० किलोमीटरपर्यंत प्रवास केल्याचे दिसून आले. आणि एवढे करून तो आपल्याच घरट्याशी परतला. अंडे सुमारे अकरा आठवडे उबवावे लागते, पिलू आणखी नऊ महिने घरट्यात असते. त्यामुळे यशस्वी जोडीला दोन वर्षांतून एकदाच प्रजनन साधते, आणि पिलेही मोठी झाल्यावर बहुधा जन्मभूमीच्याच बेटावर घरटे करण्यास येतात. जहाजावरून पाहणाऱ्या खलाशाला मात्र हे घर कधी दिसत नसे. त्याला दिसे तो किनाऱ्यापासून हजारो मैल दूर, दिवसेंदिवस जहाजामागून येणारा एकाकी पक्षी. घर अंतरले होते ते खलाशाचे. नावात ते पक्ष्याच्या माथी आले.

ट्रेमितीच्या मूळ पक्ष्याचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. जिओव्हान्नी आंतोनियो स्कोपोली हा वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ एड्रियाटिकपासून फार दूर नसलेल्या इद्रिया येथील पाऱ्याच्या खाणीवर अनेक वर्षे नोकरीस होता. १७६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने या शीअरवॉटरचे वर्णन केले आणि त्याला ‘प्रोसेलारिया डायोमीडिया’ असे नाव दिले. वंशाचे नाव अडकलेले असल्यामुळे कथेला जातीच्या नावात जागा मिळाली. पुढे वंश बदलत गेले; आज हा पक्षी ‘कॅलोनेक्ट्रिस डायोमीडिया’ म्हणून ओळखला जातो. प्लिनीच्या परिच्छेदातील आणखी एक शब्दही असाच वाटेला लागला. जुबाने या पक्ष्यांना ‘कॅटरॅक्टी’ म्हटले होते. १७६४ मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ ब्र्यूनिक याने त्याच शब्दाचे एक रूप उत्तरेकडील स्कुआ या लुटारू पक्ष्याला वंशनाम म्हणून दिले. एका बेटावरील एका पक्ष्याविषयीची दोन नावे अशा रीतीने दोन निरनिराळ्या महासागरांत जाऊन पोचली.

विसाव्या शतकात दोन काळपट जाती वगळता बाकीचे सर्व अल्बट्रॉस ‘डायोमीडिया’ याच वंशात घालण्याची रीत होती. १९९६ मध्ये आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून या वंशाची पुन्हा विभागणी झाली. उत्तर पॅसिफिकमधील जाती ‘फीबॅस्ट्रिया’ या वंशात गेल्या आणि दक्षिणेकडील लहान जाती ‘थॅलॅसार्की’त, ही दोन्ही नावे १८५३ पासून पडून होती, ती झटकून वापरात आणली गेली. सर्वांत मोठे असे थोडेसे पक्षी तेवढे ‘डायोमीडिया’त राहिले. त्यांत हिंदी महासागरातील ॲम्स्टरडॅम बेटावरचा, १९८३ मध्ये वेगळा ओळखला गेलेला पक्षीही आहे. यापुढे आणखी कितीही फेरफार झाले आणि इतर सर्व जाती बाहेर गेल्या, तरी ‘एक्झ्युलान्स’ला ते घर सोडता येणार नाही, कारण या वंशाची प्रमाण-जाती म्हणून तीच ठरलेली आहे, आणि प्रमाण-जाती जेथे असेल तेथे वंशाचे नाव तिच्यामागून जाते.